बी.एड. कॉलेजांची हातमिळवणी: मान्यता टिकेल, पण अनुदान कोणाला?

नुसत्या बी.एड.वर चालणाऱ्या कॉलेजांचे दिवस भरत आलेत, हे आता संस्थाचालकांना वेगळं सांगावं लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुदतच घालून दिली आहे: फक्त शिक्षक घडवणाऱ्या एकांड्या संस्थांनी २०३० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हायचं. म्हणजे ज्या आवारात बी.एड. चालतं, तिथे किंवा त्याच्याशी जोडून कला, विज्ञान, वाणिज्य असं काहीतरी शिकवलं गेलं पाहिजे. त्यामुळे तालुक्यातालुक्यांत सोयरिकी जमवणं सुरू आहे. बी.एड. कॉलेजचे प्राचार्य फाइल घेऊन शेजारच्या सिनियर कॉलेजात जातात, दोन्हीकडचे अध्यक्ष बसतात, आणि चहा येण्याआधी प्रश्न येतो: “सर, एमओयू केला की ग्रँट येणार ना?”

नाही येत. निदान नुसत्या एमओयूने, म्हणजे सामंजस्य कराराने, नाही येत. लग्न झालं म्हणून सासरच्या सातबाऱ्यावर सुनेचं नाव आपोआप चढत नाही, तसंच हे आहे. भागीदारीचा हिशोब मान्यतेशी आहे आणि अनुदानाचा हिशोब वेगळ्याच गोष्टींशी. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत बोलल्या जातात, म्हणून त्या एकच वाटतात.

मान्यता एनसीटीई देते, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. १९९३ च्या कायद्याने ती स्थापन झाली. अभ्यासक्रम चालवायला परवानगी द्यायची की नाही, किती जागा द्यायच्या, शिक्षक किती हवेत, हे ती ठरवते. कॉलेजांना इमारतीसाठी किंवा पगारासाठी पैसे वाटणं हे तिचं काम नाही. उलट खासगी संस्थेला मान्यता हवी असेल तर २०१४ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या दर युनिटमागे पाच लाखांचा एंडोमेंट फंड आणि सात लाखांचा राखीव निधी अशा बारा लाखांच्या ठेवी आधी बँकेत ठेवायच्या असतात. ग्रँटची चौकशी करायला आलेल्या माणसाला ही पहिली रक्कम कळते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

पैसे देणारे दुसरेच आहेत. केंद्राचं शिक्षण मंत्रालय, राज्याचा उच्च व तंत्रशिक्षण विभाग, यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, संशोधनासाठी आयसीएसएसआर म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आणि हल्ली कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधी. यांतल्या प्रत्येकाची पात्रतेची चाळणी वेगळी आहे. ‘तुम्ही कोणाशी हात मिळवलाय’ हा प्रश्न त्या चाळण्यांमध्ये असलाच तर बराच खाली असतो. वरचे प्रश्न ‘तुम्ही कोण आहात’ याबद्दलचे असतात.

एकट्याने का चालत नाही

या सगळ्याचं मूळ महाराष्ट्रातच आहे, हे फारसं कोणी लक्षात ठेवलेलं नाही. राज्यातल्या जवळपास तीनशे डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एनसीटीईची पश्चिम विभागीय समिती मान्यता देत होती, राज्य सरकार म्हणत होतं आम्हाला इतकी कॉलेजं नकोत, आणि संस्था म्हणत होत्या आम्ही इमारती बांधून बसलोय. न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने फक्त त्या कॉलेजांपुरतं न बोलता देशभरच्या शिक्षक-शिक्षणाची चिरफाड केली आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं ते या अहवालानंतरच्या, २०१४ च्या नियमांनी. अहवालानंतर आठ वर्षांनी आलेल्या राष्ट्रीय धोरणाने त्याच आयोगाचा हवाला देऊन लिहिलं की देशातल्या दहा हजारांवर एकांड्या संस्थांपैकी बहुसंख्य संस्था मन लावून शिक्षक घडवतच नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात.

सरकारी कागदात इतकी खरमरीत भाषा क्वचित सापडते. ‘एकांड्या’ संस्थेकडे संशयाने पाहायचं, हे तिथून धोरणात मुरलं. त्यात चांगली चालणारी कॉलेजंही भरडली जाणार, ही तक्रार खरी आहे. पण तिला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत आता कोणी नाही. २०२१ मध्ये चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, म्हणजे आयटेप, अधिसूचित झाला. २०२३-२४ पासून तो देशातल्या ५७ संस्थांमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू करायचं ठरलं आणि तो बहुविद्याशाखीय संस्थेतच चालवायचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा लोकांसमोर ठेवला, त्यातही हीच दिशा. मधल्या काळात वार्षिक कामगिरी अहवाल, ज्याला सगळे ‘पार’ म्हणतात, तो न भरणाऱ्या अनेक संस्थांची मान्यताही गेली.

हातमिळवणीचे प्रकार

यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एकशाखीय संस्थेला बहुशाखीय होण्याचे रस्ते दिलेत. सगळ्यात सैल रस्ता म्हणजे सहकार्य: दोन संस्था करार करतात, एकीचे विद्यार्थी दुसरीकडे विषय शिकतात, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय वापरतात, दोन्ही संस्था आपापल्या जागी स्वतंत्र राहतात. मधला रस्ता क्लस्टरचा: जवळपासची कॉलेजं एकत्र येतात, सुरुवातीला आपापली संलग्नता टिकवतात आणि पुढे सगळा समूह एक घटक म्हणून विद्यापीठाशी जोडला जातो. सगळ्यात घट्ट म्हणजे विलीनीकरण, एकाच व्यवस्थापनाच्या संस्थांचं किंवा वेगवेगळ्या व्यवस्थापनांच्याही. याशिवाय आपल्याच कॉलेजात नवे विभाग उघडण्याची वाट आहे, पण पन्नास जागांच्या बी.एड. कॉलेजाने विज्ञानाचा विभाग काढायचा म्हणजे प्रयोगशाळेपासून तयारी, त्यामुळे ती वाट बहुतेक जण पहिल्याच बैठकीत सोडतात.

करार जितका सैल तितका तो पटकन होतो, आणि अनुदानाच्या दृष्टीने तितकाच बिनकामाचा ठरतो. कारण साधं आहे. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे संस्थेला अनुदान द्यायचं तर तिला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व लागतं. अर्जाच्या पहिल्या पानावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, बँक खातं आणि पीएफएमएसवरची, म्हणजे सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या पोर्टलवरची, नोंद मागतात. एमओयूला पॅन नंबर नसतो. म्हणजे भागीदारी कितीही मनापासून केलेली असो, अर्ज दोघांपैकी एकालाच करावा लागतो आणि त्या एकाचीच पात्रता तपासली जाते. दुसऱ्याचं नाव फार तर ‘सहयोगी संस्था’ या रकान्यात येतं.

चाळण्या

पहिली आणि सगळ्यात जाड चाळणी मालकीची. कॉलेज शासकीय आहे, अनुदानित आहे की विनाअनुदानित? राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे रूसा, २०१३ मध्ये आलं आणि २०२३ पासून त्याचं रूप पीएम-उषा झालं. पीएम-उषासाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांना १२,९२६.१० कोटी रुपये ठरवले गेले. त्यातल्या ‘महाविद्यालय सक्षमीकरण’ घटकात एका कॉलेजला पाच कोटींपर्यंत मिळू शकतात. आकडा ऐकून बी.एड. कॉलेजवाल्यांचे कान टवकारतात, पण हा पैसा शासकीय आणि शासन-अनुदानित संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली बहुतेक बी.एड. कॉलेजं कायम विनाअनुदानित आहेत, म्हणजे इथेच बाहेर.

शिवाय हा पैसा पूर्ण दिल्लीहून येत नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा असतो. पाच कोटींतले तीन केंद्राचे, दोन राज्याचे. राज्याने आधी केंद्राशी करार करायचा, मग आपल्या योजनेत कॉलेजचं नाव घालायचं. कॉलेज थेट दिल्लीला अर्ज घेऊन जाऊ शकत नाही. त्यामुळे राज्याच्या यादीत नाव नसेल तर भागीदाराचं कौतुक करणारं परिशिष्ट कोणी वाचत बसत नाही.

दुसरी चाळणी यूजीसी कायद्याची. ‘टू-एफ’ आणि ‘ट्वेल्व्ह-बी’ हे दोन शब्द कॉलेजच्या ऑफिसात रोज कानावर पडतात. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम दोनच्या पोटकलमाखाली कॉलेजची नोंद म्हणजे टू-एफ. ती ओळख आहे. १९७२ च्या दुरुस्तीने आलेलं ट्वेल्व्ह-बी म्हणजे केंद्राची मदत घ्यायला हे कॉलेज योग्य आहे असा शिक्का. टू-एफ असलेलं कॉलेज ट्वेल्व्ह-बी असेलच असं नाही, आणि स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजचं नाव यादीत आलं तरी यूजीसीच्या सर्वसाधारण अनुदानावर त्याचा आपोआप हक्क लागत नाही. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली आणि यूजीसीकडून कॉलेज-विकासासाठी थेट येणारा ओघ आटला, तेव्हा ‘आता ट्वेल्व्ह-बीचा काय उपयोग’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. उपयोग आहे. आयसीएसएसआरच्या संशोधन प्रकल्पांसाठी संस्था यूजीसीच्या या नोंदीत असणं पाहिलं जातं.

इथे भागीदारीचा खरा फायदा होऊ शकतो, आणि तो कोणी फारसा घेत नाही. बी.एड. कॉलेजकडे शिक्षणशास्त्राचं पीएच.डी. झालेलं माणूस असतं, शाळांशी ओळख असते, इंटर्नशिपमुळे वर्गापर्यंत पोच असते. शेजारच्या सिनियर कॉलेजकडे ट्वेल्व्ह-बीचा शिक्का असतो. प्रकल्प सिनियर कॉलेजच्या नावाने आणि बी.एड.चे प्राध्यापक प्रकल्पाचे सह-संचालक, अशी मांडणी केली तर निदान संशोधनाचा पैसा दोघांच्या कामी येतो. त्यातून बी.एड. कॉलेजची इमारत होत नाही, पण नॅकच्या, म्हणजे कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या परिषदेच्या, फाइलमध्ये एक चांगलं पान वाढतं.

तिसरी चाळणी नॅकची. शिक्षक-शिक्षण संस्थांसाठी नॅकची वेगळी नियमपुस्तिका आहे. पहिल्यांदा मूल्यांकनाला जायचं तर दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असाव्या लागतात किंवा कॉलेज सहा वर्षांचं असावं लागतं. दोन जुन्या संस्था मोडून एक कोरी करकरीत संस्था काढली, तर कागदावर तिचं वय शून्य. हा मुद्दा विलीनीकरणाच्या उत्साहात सुटतो. म्हणून शक्य असेल तिथे एका संस्थेने दुसरीत सामावणं बरं, दोघींनी मिळून तिसरी काढणं नको.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, तालुक्याच्या गावी एक जुनं अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय आहे. नॅक झालेलं, ट्वेल्व्ह-बी असलेलं. रस्त्यापलीकडे दुसऱ्या संस्थेचं पन्नास जागांचं विनाअनुदानित बी.एड. कॉलेज. दोघांनी सहकार्याचा करार केला. पुढे अनुदानित कॉलेजला पीएम-उषातून पाच कोटी मंजूर झाले. बी.एड. कॉलेजचे अध्यक्ष म्हणतात, “आमच्या जोरावर मिळालेत, निदान आमच्या सभागृहाचं छत तरी करून द्या.”

करता येत नाही. मंजुरीच्या पत्रात कॉलेजचं नाव आणि कामाचा तपशील असतो. त्या पैशातून उभी राहिलेली प्रत्येक वस्तू अनुदानित कॉलेजच्या मालमत्ता नोंदवहीत चढते. आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत जीएफआर १२-ए या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, द्यावं लागतं, आणि त्यावर सही अनुदानित कॉलेजच्या प्राचार्यांची. अनुदानावर बँकेने दिलेलं व्याजसुद्धा सरकारला परत करायचं असतं. अशा हिशोबात रस्त्यापलीकडचं छत दिसलं तर लेखापरीक्षक पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, काढणार. ऑडिट पॅरा एकदा लागला की प्राचार्य निवृत्त झाले तरी त्यांची पेन्शनची फाइल त्या पॅरापाशी अडते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

काय करता येतं? अनुदानित कॉलेजने आपल्या जागेत, आपल्या नावावर, मंजूर कामाच्या चौकटीत स्मार्ट वर्ग किंवा भाषा-प्रयोगशाळा उभी करायची आणि करारात लिहायचं की बी.एड.चे विद्यार्थी आठवड्यातले ठरावीक तास ती वापरतील. मालकी एकाची, वापर दोघांचा.

पगाराचं तर याहून कडक. २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड.च्या शंभर जागांना सोळा पूर्णवेळ शिक्षक लागतात. अनुदानित कॉलेजातले इतिहासाचे सर पलीकडे तास घेतात म्हणून त्यांना त्या सोळांत मोजायची कल्पना कोणालातरी हमखास सुचते. त्यांचा पगार उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून, त्या कॉलेजच्या मंजूर वर्कलोडवर निघतो. एकच माणूस दोन ठिकाणी पूर्णवेळ दाखवला की मान्यतेची फाइलही बिघडते आणि पगाराचीही. तास घेऊ द्या, शिक्षकांच्या यादीत नाव घालू नका.

समजा दोन्ही कॉलेजं एकाच संस्थेची असती आणि बी.एड. हे अनुदानित कॉलेजचा शिक्षणशास्त्र विभाग म्हणून सामावलं गेलं असतं, तर? मग अर्जदार कॉलेज पात्र, आवार एक, वापराचा प्रश्न सोपा. पण विभाग विनाअनुदानितच राहतो. अनुदानित कॉलेजांत विनाअनुदानित तुकड्या वर्षानुवर्षं चालतात, तसाच हा एक. विलीन झालो म्हणून पदांना पदमान्यता येत नाही. त्याला शासनाचा स्वतंत्र निर्णय लागतो. बी.एड.च्या शिक्षकांना ही गोष्ट विलीनीकरणाआधी स्पष्ट सांगावी. बऱ्याच ठिकाणी त्यांना अंधारात ठेवून ठराव होतात आणि मग कोर्टकचेऱ्या.

जिथे खरंच पैसे आले

भागीदारीसाठीच पैसे, असं एक दार रूसात होतं: जवळपासच्या कॉलेजांचं क्लस्टर करून विद्यापीठ उभारायला ५५ कोटी. मुंबईचं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ त्यातूनच २०१९ मध्ये उभं राहिलं. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि चौथं कॉलेज सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज. हे चौथं म्हणजे १९०६ पासून माध्यमिक शिक्षक घडवणारं शासकीय बी.एड. कॉलेज. विज्ञान, कला, वाणिज्य यांच्या बरोबरीने ते विद्यापीठाचं घटक झालं आणि एकांडेपणाचा प्रश्नच उरला नाही. दुसरं उदाहरण एचएसएनसी विद्यापीठाचं: के. सी. कॉलेज, एच. आर. कॉलेज आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज.

दोन्हीकडे काय जुळलं पाहा. पहिल्यात चारही कॉलेजं सरकारची. दुसऱ्यात तिन्ही एकाच मंडळाची. म्हणजे ज्यांच्यात भागीदारीचा करार करायची गरजच नव्हती, तेच सुरळीत एकत्र आले. दोन वेगळ्या मालकांची कॉलेजं एकत्र येऊन निधीपर्यंत पोचणं हा खरा अवघड प्रकार, आणि २०३० ची मुदत नेमकी तोच प्रकार मागते आहे. पीएम-उषाच्या पाच घटकांत क्लस्टर विद्यापीठ हा वेगळा घटक राहिलेला नाही, त्यामुळे ते दारही पूर्वीसारखं उघडं नाही.

इंग्लंडमध्ये असाच प्रसंग आला होता. २०२१ च्या आढाव्यानंतर तिथल्या सगळ्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थांना नव्याने मान्यतेसाठी अर्ज करायला लावले. २०२२ अखेर १७९ संस्था पास झाल्या. डरहॅमसारखं नावाजलेलं विद्यापीठ नापास झालं आणि त्याला न्यूकॅसल विद्यापीठाशी भागीदारी करून काम चालू ठेवावं लागलं. त्या सुधारणांवर टीका पुष्कळ झाली, पण एक गोष्ट त्यांनी केली: विद्यार्थी-शिक्षकांना शाळेत शिकवणारे जे मार्गदर्शक शिक्षक, त्यांच्या प्रशिक्षणात जाणाऱ्या वेळेचे पैसे शाळांना सरकारने दिले. नव्या रचनेचा खर्च कोणावर पडतो हे ओळखून तिथे त्या खर्चाचं वेगळं शीर्ष काढलं. आपल्याकडे जोडणीचा खर्च, म्हणजे वकील, नोंदणी, सॉफ्टवेअर, दोन ग्रंथालयांची एक सूची करणं, हा सगळा संस्थेच्या खिशातून. माझ्या मते राज्याने निदान अनुदानित कॉलेजांना बी.एड. सामावून घेण्यासाठी एकरकमी छोटी रक्कम द्यावी. पाच कोटींची गरज नाही.

डायटचं मात्र वेगळं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था समग्र शिक्षा योजनेत येतात. देशातल्या ६१३ डायटना उत्कृष्टता केंद्र करण्यासाठी पाच वर्षांत प्रत्येकी १५ कोटींची योजना आहे. या सरकारी संस्था. खासगी डी.एल.एड. विद्यालयाने डायटशी करार केला तर प्रशिक्षणं, साहित्य, तज्ज्ञ मिळतील, त्या पंधरा कोटींतला वाटा नाही.

विनाअनुदानितांनी काय करायचं

सरकारी पैसा विनाअनुदानित बी.एड. कॉलेजात येतच नाही असं नाही. तो विद्यार्थ्यामार्फत येतो. सीईटी देऊन कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, राउंडमधून प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्ती मिळते: अनुसूचित जातींसाठी, ओबीसींसाठी, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी शाहू महाराज योजना. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी हा त्याचा आधार. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सोय नाही. भागीदारीत कॉलेजचं नाव, कोड किंवा पत्ता बदलणार असेल तर पोर्टलवरची नोंद, संलग्नता आणि शुल्काचा आदेश हे तिन्ही एकाच नावाने जुळले पाहिजेत. एका अक्षराचा फरक पडला की दुसऱ्या वर्षाच्या मुलांची शिष्यवृत्ती अडकते, आणि मुलं विद्यापीठात जात नाहीत, तुमच्या ऑफिसच्या खिडकीपाशी येतात.

दुसरा मार्ग सीएसआरचा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहेच. पण तिथेही चाळणी आहे: ट्रस्टकडे १२-ए आणि ८०-जी या आयकराच्या नोंदण्या हव्यात, एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी हवी, आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. दोन संस्थांनी भागीदारीसाठी नवा संयुक्त ट्रस्ट काढला, तर तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून. कंपनीकडे जुन्या ट्रस्टचंच नाव न्या, दुसऱ्याला प्रकल्पात सहभागी दाखवा. केंद्राच्या मंत्रालयांकडे जाणाऱ्या ट्रस्टला दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलची नोंदणीही लागते. ती फुकट आहे, आजच करून ठेवा.

करारात काय लिहून घ्यावं

वेगळ्या व्यवस्थापनांचं विलीनीकरण करायचं ठरलं, तर विद्यापीठ आणि एनसीटीईच्या आधी धर्मादाय आयुक्त आठवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला, तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायलासुद्धा, पूर्वपरवानगी लागते. दोन ट्रस्ट एकत्र करायचे तर कलम ५०-अ खाली योजना मंजूर करून घ्यावी लागते. विश्वस्त बदलले तर त्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट. या गोष्टींना वेळ लागतो, आणि अनुदानाच्या अर्जाची मुदत तुमच्या चेंज रिपोर्टसाठी थांबत नाही. शिवाय एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे जमीन संस्थेच्या मालकीची असावी किंवा सरकारकडून किमान तीस वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली. भागीदाराने आपल्या आवारात “वापरा हो, आपलंच आहे” म्हणून दिलेल्या खोल्या या हिशोबात धरल्या जात नाहीत.

सैल करार असेल तरी चार ओळी घट्ट लिहाव्यात. अर्जदार कोण राहील. पैसा कोणाच्या खात्यात येईल आणि यूसीवर कोण सही करेल. अनुदानातून आलेल्या वस्तू कोणाच्या नोंदवहीत चढतील. आणि करार मोडला तर चालू तुकडीतल्या विद्यार्थ्यांचे विषय कोण पूर्ण करेल. बहुतेक एमओयूंमध्ये पहिल्या दोन पानांवर ‘गुणवत्ता’, ‘संस्कार’, ‘राष्ट्रनिर्माण’ असतं आणि या चार ओळी नसतात. विशेषतः तिसरी. अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता किंवा दुसरीकडे वळवता येत नाही; त्यामुळे काडीमोडाच्या वेळी “प्रोजेक्टर तुमचे, संगणक आमचे” अशी वाटणी दोघांनी आपसात करून भागत नाही. ती ओळ आधी लिहिलेली असेल तर निदान भांडण कोणाशी करायचं हे तरी ठरलेलं असतं.

ठराव करताना तारखांकडेही लक्ष द्या. दोन्ही संस्थांच्या कार्यकारिणीचे ठराव कराराच्या तारखेच्या आधीचे हवेत, सही करणाऱ्याला त्या ठरावाने अधिकार दिलेला हवा, आणि संलग्न विद्यापीठाला कळवल्याची पोच फाइलला हवी. आधी सही, मग ठराव, असा उलटा कारभार झाला असेल तर छाननीत प्रस्ताव पहिल्याच टेबलावरून परत येतो, आणि तोपर्यंत मार्च उलटलेला असतो.